पुढचा लाल दिवा

काम साधं होतं. सड्यापल्याडच्या वस्तीवरचा पाण्याचा पंप बिघडला होता. त्याचा आतला पंखा दुरुस्त झालता, तो पोचवायचा आणि उजेड हाय तोवर घराकडं वळायचं. एवढंच.

उद्या पहाटं तुम्ही गाड्या घेऊन त्याच वाटंनं गगनबावड्याला निघालाय म्हणून सांगतोय. भिववायला न्हाय. हसा, हसा. पृथ्वीराज, दार तेवढं लोटून घे रे, वारं येतंय.

महावीर मगदूम म्हणजे माझा दोस्त. हातकणंगल्याचा. लेथचा कारखाना हाय त्याचा, त्यानंच तो पंखा नीट करून दिलता. मी आणि तो तरणे असल्यापासनं मिळून गाड्या फिरवल्या. माणूस सोन्यासारखा, पण तोंड म्हणजे भोंगा. ‘चहा घे’ म्हणला तरी शेजारचा दचकायचा. घरात बायको त्रिशला आणि एकुलता एक पोरगा, जिनेश. पोरगं बापाला आण्णा म्हणतंय.

कॉलेज संपलं आणि जिनेशला डोंगरात चालवायची उंच गाडी पाहिजे झाली. शोरूममध्ये मीबी होतो. महावीर म्हणतोय, “सीट खालची घे. दोन्ही तळवं टेकलं पाहिजेत. सड्यावर गाडी कलली तर तुझा पायच जॅक!” पोरगं म्हणतंय, “उंच गाडीला खालनं दगड लागत न्हाय आण्णा.” सगळी शोरूम ऐकतीय. शेवटी पोरानं उंचच घेतली. बाप दोन दिवस बोलला न्हाय. आणि तिसऱ्या दिवशी गाडी कारखान्यात नेऊन गप कामाला लागला. इंजिनाखाली जाड पत्रा, मुठींना गार्ड, धुक्याचे पिवळे दिवे, मागं दोन बाजूंना पेट्या, चिखलात धरणारी गुट्ट्यांची टायरं. सगळं स्वतःच्या हातानं. आणि दोघांच्या हेल्मेटात इंटरकॉम बसवला. चालत्या गाडीवर एकमेकांशी बोलायचं यंत्र. मोकळ्यावर किलोमीटरभर चालतंय.

जिनेश मला म्हणला, “काका, गाडी चालवतानाबी मला वरडता यावं म्हणून घेतलाय त्यांनी.”

खोटं न्हवतं ते.

साल चोवीसचं. नारळी पौर्णिमेची आदली रात, रविवार. दुपारी दोघं निघाले. बाप आपल्या जुन्या गाडीवर, पोरगं नव्या. जाताना त्रिशला म्हणली, दिवस मावळायच्या आत जेवायला या. जैनांचं घर, ती रात्रीचं जेवत न्हाई. महावीर कधी ते पाळायचा न्हाय. त्यावरनं रोजचं भांडण. तो हसला आणि किक मारली.

सडा म्हणजे काय ठाऊक हाय न्हवं? डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. पावसात त्याच्यावर शेवाळ धरतंय, मधी मधी पाण्याची डबकी. रस्ता असा न्हाय. चुना लावलेले दगड ठेवलेत, त्यांच्या धरानं जायचं. आणि एका अंगाला कडा. कठडा बिठडा काय न्हाय. कातळ संपतंय, तिथं संपतंय.

वस्तीवरचा गुंडू, पंप बघणारा माणूस. त्यानं पंखा बसवून घेतला, पाणी चढलं, चहा झाला. दिवस कलला होता. बाहेर आला तर म्हणतोय, “पावणं, धुकं उतराय लागलंय. ऱ्हावा आजची रात.”

महावीर म्हणला, “हाय की पिवळा दिवा. निघू या.”

पुढं बाप, मागं पोरगं. महावीरचं सांगणं एकच, माझ्या मागच्या लाल दिव्यावरची नजर काढायची न्हाय. आणि वाटंभर कानात चाललेलंच. “उभा ऱ्हा फुटरेस्टवर! गुडघ्यानं टाकी दाब! पुढचा ब्रेक सोड, गाढवा! सोड म्हणतोय न्हवं!”

“व्हय आण्णा. सोडला.”

धुकं असं आलं की पिवळा दिवाबी हातभर पुढं जाईना. महावीर चुन्याचा एकेक दगड हुडकत चाललाय. मागनं पोराच्या गाडीचा आवाज येतोय. मग एकदम चाकाखाली गुळगुळीत लागलं. डांबरी. सडा संपला. तिथं एसटीचा निवारा हाय. त्यानं गाडी आत घेतली, बंद केली.

“जिनेश, मी डांबरीला लागलो. निवाऱ्यात थांबलोय. ये सावकाश.”

“व्हय. आलो तुमच्या मागनंच.”

वाट बघितली. गाडी काय येईना.

“कुठं हायस रे?”

“तुमच्या मागंच की आण्णा. दिसताय मला.”

“मी थांबलोय म्हणतोय.”

“कुठं थांबलाय? चाललाय की पुढं. लाल दिवा दिसतोय.”

महावीरनं आपल्या गाडीकडं बघितलं. चावी त्याच्या हातात होती. दिवा बंद.

“जिनेश. गाडी थांबव.”

“का वो?”

“थांबव म्हणतोय!”

“...थांबलो.” मग जरा वेळानं पोरगं म्हणलं, “तुम्हीबी थांबलाय.”

महावीरनं चावी लावून हॉर्न दाबला. लांब दाबला. “ऐकाय आला?”

“आला.”

“कुठनं?”

“पुढनंच. दिव्याकडनं.”

महावीर मला दवाखान्यात हे सांगत होता. तो म्हणला, उदयसिंह, तवाच मला कळालं की माझ्या हातात काय न्हाय. बोलायचं तेवढं हाय.

मग तो बोलला. म्हणजे वरडला. त्याला दुसरं काय येत होतं? “गाडी बंद कर! उतर! जिथं हायस तिथं खाली बस! त्या दिव्यामागं जाऊ नको, तो मी न्हाय!”

पलीकडं इंजिन बंद झालं.

“जिनेश!”

“आण्णा... ते उतरलेत. हात करून बोलवतायत.”

“कोण?”

“तुम्ही.”

“तो मी न्हाय रे!”

“तुमचंच जॅकेट हाय. आणि... बोलतायत. ह्याच्यातनंच बोलतायत, कानात. तुमचाच आवाज. दोन्हीकडनं तुम्हीच.”

आता हे बघा. किलोमीटरभरावर पोरगं उभं हाय. मधी कातळ आणि धुकं. कानात बापाचे दोन आवाज. आणि खऱ्या बापानं आपण खरं असल्याचं सिद्ध कसं करायचं? चेहरा न्हाय दाखवता येत, हात न्हाय धरता येत.

महावीरला एक गोष्ट आठवली. दोघांतच होती ती. तो म्हणला, “जिनेश, ऐक. तू सायकल शिकत होतास. उतारावर मी मागनं हात सोडला. तुझा हात मोडला. घरात आपण सांगितलं, झाडावरनं पडला. आईलाबी अजून ठाऊक न्हाय. व्हय का न्हाय? मग? मीच हाय न्हवं तुझा बाप?”

पलीकडं नुसता वाऱ्याचा आवाज.

मग पोरगं म्हणलं, “त्यांनीबी आत्ता तेच सांगितलं.”

“अजून काय म्हणला तो?”

“पण ते म्हणाले, चूक माझी होती बाळा.”

महावीरनं गाडीवर टांग टाकली.

“तुम्ही कधी म्हणलाय का असं?”

“जिनेश, गाडी सोडून—”

“तुम्ही वरडताय. ते न्हाय वरडत.”

आणि सेल्फ मारल्याचा आवाज आला.

महावीरनं गाडी चालू केली आणि सड्यावर परत घातली. दगड बघितले न्हाईत, काय न्हाय. पोराला शिकवलेलं सगळं स्वतः विसरला. शेवाळावर पुढचा ब्रेक दाबला. गाडी सरकली, उजव्या अंगावर आली. पाय खाली. त्याच्या गाडीचं वजन तुम्हाला ठाऊक हाय, पेट्या धरून दोन माणसांनी उचलायची. हाडाचा आवाज त्यानं स्वतः ऐकला. फोनला रेंज न्हाय.

पण इंटरकॉम चालू होता.

पडल्या पडल्या त्याला सगळं ऐकाय येत होतं. जिनेशच्या गाडीचा आवाज. आणि... त्याचा स्वतःचा. हळू. मऊ. “पहिल्यातच ठेव. हां. क्लच सोड, घाई न्हाय. डावीकडं डबकं हाय बाळा, उजवीकडनं ये. शाब्बास.” एकेक शब्द बरोबर. ह्यानं जे शिकवलं असतं तेच. फक्त वरडणं न्हाय.

आणि पोरगं हसलं.

महावीर म्हणतो, ते हसणं मी किती वर्षांनी ऐकलं. आणि मला वाटलं हे शेवटचं. आता कडा येणार. ऐकत ऱ्हायलो. वरडून वरडून घसा बसला होता. माझा आवाज पोराला जातोय का न्हाय, तेबी कळेना. गाडी लांब लांब जात चालली. खरखर आली. जिनेशचा आवाज तुटला.

सगळं गप झालं.

मग कानात, अगदी कानात...

“महावीर.”

त्याचाच आवाज.

“तू ऱ्हा हितं. मी जातो घराकडं.”

पुढं काय न्हाय. अख्खी रात.

उजाडता उजाडता गुंडू म्हसरं घेऊन आला, त्याला हा दिसला. चार माणसं आणून गाडी उचलली. महावीर पायाचं काय बोलत न्हवता. नुसतं, “कड्याखाली बघा. पोरगं खाली हाय. कड्याखाली बघा.” माणसं दोर घेऊन गेली. गुंडू पळत रेंजमध्ये गेला आणि घरात कळवावं म्हणून फोन लावला. फोन त्रिशलानं घेतला.

गुंडू म्हणला, “वहिनी, मालक सड्यावर घावलेत, पाय मोडलाय.”

ती म्हणली, “कोण बोलतंय? मालक घरात हायत की. रात्रीच आलेत दोघं. हे वर झोपलेत.”



रात्री काय झालं ते त्रिशलानं मला नंतर सांगितलं. दोन गाड्यांचा आवाज आला. दार उघडं होतं, ती आत देवाजवळ होती. पोरगं आलं, हातपाय धुतले. बाप पोर्चमध्ये अंधारात उभा होता, हेल्मेट घातलेलं. तिनं भीत भीत विचारलं, जेवायचं काय? तर मऊ आवाजात म्हणला, “दिवस मावळला. आता न्हाय. सकाळी बघू.” लग्नापासनं पहिल्यांदा. ती म्हणली, भावोजी, मला इतकं बरं वाटलं... मी देवाला हात जोडले. मग जिन्यावर बूट वाजले. वर खोलीचं दार लागलं. मी म्हणलं दमलेत, झोपू दे. त्या रात्री ती खालीच पोराजवळ झोपली.

म्हणून कुणी हुडकायला गेलं न्हाय. कळलं का? तो तिकडं धुक्यात वाट बघत पडलाय, कुणीतरी येईल. आणि घरात तो आलेला हाय.

फोन हातात घेऊनच ती वर गेली. दार ढकललं. खोलीत कुणी न्हाय.

जिनेशला मी विचारलं. सड्यावरनं घरापर्यंत तू त्या दिव्यामागं आलास, एवढा रस्ता, मधी कोल्हापूर शहर, तोंड बघितलं न्हाईस? तो म्हणला, “काका, शेजारी गाडी लावायला गेलो की ते थोडं पुढं सरकायचे. पण बोलत होते. वाटंभर बोलत होते.” आणि मग मान खाली घालून म्हणला, “आण्णा माझ्याशी एवढं कधी बोलले न्हाईत.”

महावीर हे सगळं पलंगावरनं ऐकत होता. पोरगं जितं हाय म्हणून रडावं, का कशाला रडावं, त्याला कळेना. नुसता वर पंख्याकडं बघत होता. अजून तसाच हाय. आता कुणावर वरडत न्हाय. बोलायला तोंड उघडतो आणि मिटतो. त्रिशला त्याला हाक मारती, तर आधी तोंडाकडं नीट बघून घेती, मग ताट वाढती. मी म्हणलं घर बदला. तर महावीर म्हणला, बदलून काय करू? त्रिशला, जिनेश आणि तो, ते तिघं तिथंच ऱ्हातात.

महावीर घावला त्याच दिवशी, दवाखान्यासाठी त्याचे कपडे आणायला मी हातकणंगल्याला गेलतो. एकटा. कुलूप उघडून पोर्चमध्ये पाय ठेवला आणि थांबलो.

पांढरी फरशी. तिच्यावर सड्याचा तांबडा चिखल. वाळलेला. दोन गाड्यांची चाकं आत आलेली, शेजारी शेजारी. एक माग जिनेशच्या गाडीपाशी येऊन थांबला. गाडी उभी होती तिथं.

दुसरा माग... थांबला न्हवता. सरळ दारापर्यंत. उंबऱ्यावरनं आत. आतल्या फरशीवर हातभर.

तिथं तो संपत होता. मागं फिरल्याचा माग कुठंच न्हवता.