चार सेकंद अधांतरी

सोमपूर वसाहतीच्या क्रीडा-प्रयोगशाळेत ओवी डुबल बलफलकावर उभी राहिली, तेव्हा डॉ. शरयू अत्तरदे यांना आधी वाटलं, यंत्र बिघडलं. बलफलक म्हणजे पाय जमिनीला किती जोराने रेटतात ते मोजणारा पाट. पृथ्वीच्या हिशेबाने त्याने सेहेचाळीस किलो दाखवले. भिंतीवरच्या पट्टीने उंची एकशे चोपन्न सेंटिमीटर सांगितली.

"मॅडम, यंत्र बरोबर आहे," ओवी म्हणाली. "अकरा वर्षं सगळी यंत्रं हेच सांगतायत."

तिची कारकीर्द म्हणजे निरनिराळ्या पट्ट्यांखाली उभं राहण्याचा इतिहास होता. चौदाव्या वर्षी कराडच्या बास्केटबॉल निवडचाचणीत तिला सांगितलं, वाढलीस की ये. सोळाव्या वर्षी राज्य शिबिरातून चौथ्या दिवशी परत पाठवलं. विद्यापीठाची ती कर्णधार झाली, बाविसाव्या वर्षी एका व्यावसायिक क्लबने तिला घेतलंही, आणि दोन मोसम बाकावर बसवलं. तिसऱ्या मोसमात बाकही काढून घेतला. आता उरला होता फक्त चंद्र. इथल्या क्लबचं नाव 'सोमपूर ससे'. चंद्रावर ससा असतो हे आपल्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे नाव शोधायला कुणाला फार शिणावं लागलं नव्हतं. इथे जमलं नाही तर गुरुवारी खाली जाणारं यान होतं, आणि वर नापास झालेल्याला खाली कुणी विचारत नाही.

सशांचे प्रशिक्षक इक्बाल मुजावर मूळचे मिरजेचे. ते दारातच थबकले. "मॅडम, रिंग पाच मीटरवर आहे. हिला काय खांद्यावर घेऊन खेळू?"

"सर, रिंगपर्यंत इथे सगळेच पोचतात," अत्तरदे म्हणाल्या. "पृथ्वीवर जी उडी साठ सेंटिमीटर जाते, ती इथे साडेतीन मीटर जाते. उंचीचा फरक हातभर. साडेतीन मीटरांत हातभर म्हणजे काय?"

"मग माझे ताडमाड गडी हरतात का?"

"कारण ते चार सेकंद हवेत असतात. याला मी अधांतरकाळ म्हणते. पृथ्वीवर तो पाऊण सेकंदही नसतो, म्हणून कुणी मोजत नाही. एकदा पाय सुटले की दिशा बदलता येत नाही, कारण हवेत रेटायला काही नसतं. कुठे पोचणार, कुठे उतरणार, सगळं त्या क्षणी ठरलेलं. म्हणजे जो उडाला तो अडकला. आणि चेंडूही असाच रेंगाळत जातो. आधी फेकलात तर समोरचा सावकाश उडून तो आंब्यासारखा तोडून घेतो."

ओवी पाटावरून उतरली. "म्हणजे समोरचा आधी उडाला पाहिजे."

"आणि तो का उडेल?" मुजावरांनी विचारलं.

"हूल दिली की उडेल. माझी आत्या खो-खो खेळायची, सर. तिच्या हुलीने एकदा पंच पळाला होता."

मुजावर हसले नाहीत, पण गुरुवारचं यान ओवीला न घेताच गेलं.

पुढचे दोन मोसम चंद्राने नीट पाहिले. ओवी चेंडू डोक्यावर नेई, टाचा उचले, आणि तिथेच थांबे. समोरचा सव्वादोन मीटरचा राक्षस आभाळात जाई आणि वाळत घातलेल्या धोतरासारखा लटकून राही. ओवी त्याला वळसा घालून सावकाश बास्केट करी. कुणी त्याचा फोटो काढून पृथ्वीवर पाठवला, तर "छान आहे" असं उत्तर येऊन पोचायचं आणि गडी अजून खाली उतरलेला नसायचा. ससे दोनदा विजेते झाले. ओवीला बाकाचा रंगही आठवेना.

पण शहाणपण सर्दीसारखं पसरतं. तिसऱ्या मोसमात कुणीच उडेना. समोरचा उडत नाही म्हणून कुणी चेंडू सोडेना, आणि चेंडू सुटत नाही म्हणून कुणी उडेना. दहा माणसं एकमेकांच्या टाचांकडे बघत उभी. सामने सहा-चारवर संपू लागले. प्रेक्षक स्वेटर विणायला घेऊन येऊ लागले.

लीगचे अध्यक्ष होते दिवाणसाहेब. सामन्यात ते कधी खुर्चीतून हललेले कुणी पाहिले नव्हते. टाळी वाजवायची झाली तर ती ते मान हलवून वाजवत. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुजावरांना बोलावलं.

"तुमच्या ओवीबाईंनी खेळाचा पुतळा केला. उद्याच्या सामन्यानंतर त्यांचा करार संपला."

"साहेब, लोक उद्या जागेवरून उठले तर?"

"लोकांचं सोडा. मी उठलो तर करार वाढवीन. लिहून देऊ?"

"द्या," मुजावर म्हणाले. आणि साहेबांनी खरंच लिहून दिलं.

ओवी तडक प्रयोगशाळेत गेली. "मॅडम, हवेत रेटायला काही नसतं, असं तुम्ही म्हणाला होतात."

"नसतंच."

"माझ्या हातात चेंडू असतो."

अत्तरदेंनी खडू उचलला. मग त्यांनी फळ्यावर आकडे मांडले. "चेंडू उजवीकडे जोरात फेकलास, तर तू डावीकडे सरकशील. माघारधक्का. पृथ्वीवर तो जाणवायच्या आधी माणूस खाली येतो. इथे तुझ्याकडे वेळ आहे. भिडूने चेंडू परत दिला की झेलताना आणखी थोडी डावीकडेच सरकशील. रिंगपाशी पोचेपर्यंत..." त्यांनी खडू ठेवला. "एक वीत."

"चेंडू तरी केवढा असतो, वीतभरच ना?"

"पण फेकायचं छातीच्या मध्यातून, दोन्ही हातांनी. एका बाजूने फेकलंस तर अंग भोवऱ्यासारखं फिरेल. आणि हे तुझ्या वजनाला जमतं. शंभर किलोच्या माणसाला चेंडू काय हलवणार?"

त्या दिवशी ओवीने तीनशे उड्या मारल्या. पहिल्या शंभरांत ती भोवऱ्यासारखी फिरली.

अंतिम सामना गरुड क्लबशी होता. त्यांचा मधला खेळाडू गुरतेज, दोन मीटर अठरा, एकशे सोळा किलो, नांदेडचा, आणि स्वभावाने इतका गोड की चेंडू हिसकावून घेतल्यावर माफी मागायचा. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा गरुड सहा, ससे चार होते आणि दिवाणसाहेब पेंगत होते.

ओवी उडाली.

लोकांचे स्वेटर थांबले. गुरतेजने तिचा मार्ग नजरेने मोजला आणि ती जिथे पोचणार तिथे हात नेऊन ठेवायला तोही उडाला. ओवीने छातीतून चेंडू उजवीकडच्या भिडूला फेकला, परत घेतला, आणि गुरतेजच्या बोटांपासून वीतभर डावीकडून रिंगमध्ये सोडला. सहा-सहा.

"ओवीताई, तुम्ही सरकलात," उतरता उतरता गुरतेज म्हणाला. "माफ करा, पण हे कसं केलंत?"

"विचार कर. तुला अजून एक सेकंद आहे."

गुरतेज गोड होता, पण भोळा नव्हता. त्याने विचार केला. माघारधक्क्याला चेंडूच हवा असं कुठे आहे? त्याचे बूट एकोणीस नंबरचे, एकेक वीट जणू. त्याने गुपचूप नाड्या सैल केल्या. नियमांत बुटांविषयी एक अक्षर नव्हतं.

शेवटचे दहा सेकंद. ओवी पुन्हा उडाली आणि पाठोपाठ गुरतेज. ओवीने त्याच्या नाड्या लोंबताना पाहिल्या. तिने चेंडू छातीशी नेला, कोपर मागे घेतले, मान उजवीकडच्या भिडूकडे वळवली. गुरतेजने दोन्ही पाय झाडले, बूट सुसाट उजवीकडे गेले, आणि तो ती सरकणार त्या डाव्या बाजूला सरकू लागला.

ओवीने चेंडू सोडलाच नव्हता.

न फेकलेल्या चेंडूचा धक्का बसत नाही, त्यामुळे ती ठरल्या रेषेत सरळ वर गेली. गुरतेजची मात्र दुहेरी पंचाईत. तो सरकला तर होताच, शिवाय पायांनी धक्का दिल्यामुळे कलंडतही चालला होता. रिंगपाशी पोचला तेव्हा तो छताकडे तोंड करून आडवा झोपलेला होता.

"ओवीताई," त्याने छताला विचारलं, "गेला का चेंडू?"

"गेला."

मग चार हजार लोक आनंदाने उडाले. चंद्रावर आनंद पटकन उतरत नाही. अख्खं प्रेक्षागृह, सुया-लोकरीसकट, हवेत लटकत राहिलं. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, दोन्ही हात वर, तोंड उघडं, एक चप्पल पायात नाही, असे दिवाणसाहेब तरंगत होते. आपण उडालो हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतले, चेहरा गंभीर केला, खुर्ची पायाने चाचपून पाहिली. ती तीन मीटर खाली होती.

मुजावर धावत गेले नाहीत. ते कोपऱ्यातून चालत आले, साहेबांची वाट नजरेने मोजली, ते जिथे उतरणार होते त्याच्या पाऊलभर अलीकडे उभे राहिले, आणि खिशातून साहेबांचा कागद काढून पेनाचं टोपण उघडलं.

"सावकाश या, साहेब," ते वर बघून म्हणाले. "घाई नाही."