कॅबिनेटमधला चौथा ठोका

२००६ साली दैनिकाच्या संगणक पानासाठी मी कॉम्प्युटरच्या एका नव्या कॅबिनेटची चाचणी घेतली. आत उष्णता किती साठते आणि पंखे किती आवाज करतात, एवढंच पाहायचं होतं. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर कावेरीच्या घराच्या पडवीत तिचा भाऊ गुरुदास कॉम्प्युटर जोडून द्यायचा. शांतता हवी म्हणून आम्ही दार लोटलं, खिडक्या लावल्या. कावेरी दाराशीच बसून होती. तिचा नवरा सत्यवान समुद्रावर गेला होता. होडी परवाच परतायला हवी होती.

पुढच्या जाळीसमोर अगरबत्ती धरली. धूर आत ओढला गेला, मागून बाहेर पडला. मीटरवर आवाज अडतीस डेसिबल. आता बंद यंत्राशी तुलना करायची होती. मी प्लग काढला.

आकडा अडतीसच राहिला.

"पत्रकारानू, मीटर तुमचो बिघाडलो," गुरुदास हसला. "माझ्या दुकानाचा नाव घालू नकात हां."

मी बाजूचा पत्रा उघडला. पंख्यांची पाती स्थिर होती. धूर मात्र आत जात होता आणि कुठूनच बाहेर येत नव्हता. आतून टकटक ऐकू येत होती, खोल समुद्रातून यावी तशी. तीन ठोके, मग एक गाळलेला.

कावेरी उठून आली.

"ह्यो आमच्या होडयेचो आवाज. मशीनचो चौथो ठोको चुकता." तिने कान लावला. तिचा चेहरा उतरला. "आमचे हे हाक मारतत माका. दोनदा मारल्यानी."

गुरुदासने तिच्या तोंडावर हात ठेवला. "हाकेक ओ देव नको गो! पयल्यो दोन हाको कोणाच्योय आसतत, भुताच्योय. तिसरी माणूसच मारता, ती इल्याबिगर ओ देवची नाय."

टकटक थांबली.

तेवढ्यात किनाऱ्यावर ओरडा झाला, "सत्यवानाची होडी इली!"

इंजिनाचा आवाज जवळ येत गेला. कावेरी जागची हलली नाही.

"चौथो ठोको चुकाक नाय," ती म्हणाली.

"मशीन नीट करून घेतल्यान आसतला."

"दर्यात कोण करतलो?"

मी दाराच्या फटीतून पाहिलं. सत्यवान वाळूतून येत होता. सत्यवानच.

तो दारापाशी थांबला.

"कावेरी."

गुरुदासने एक बोट वर केलं.

"कावेरी."

आम्ही तिसरीची वाट पाहिली. अगरबत्तीची राख माझ्या बोटांवर पडली.

तिसरी हाक कॅबिनेटमधून आली.

कावेरीने जाऊन दाराला आतून कडी घातली.