एकास चोवीस

"पुसलंस?"

"हो ना. केवढी धूळ बसली होती त्यावर..."

"बसली नव्हती! बसवली होती! मी! तीन आठवडे!"

हॉलमधली झाडून सगळी डोकी वळली. तो मात्र हातातलं ओलं फडकं छातीशी धरून तसाच उभा. फडक्यावर करडा डाग आणि टेबलावर तिचा सिमेंटचा मिक्सर... स्वच्छ! नुकतीच अंघोळ घातलेल्या बाळासारखा लख्ख आणि केविलवाणा.

दुसऱ्या दिवशी शाळेत मॉडेल्सचं प्रदर्शन होतं. ती वार्निशचा फवाऱ्याचा डबा आणायला वर्गात गेली होती, जेमतेम पाच मिनिटं. तेवढ्यात दुसऱ्या तुकडीतल्या ह्या उंच मुलाने, ज्याच्याकडे टेबलं पुसायचं काम होतं, टेबलासोबत तिची गाडीही पुसून टाकली होती.

मुलगा होताच तसला. शर्टाला कडक इस्त्री, नखं कोरलेली, भांग पट्टीने आखल्यासारखा. शाळा त्याला 'चकाचक' म्हणायची. त्याने केलेली जुन्या वळणाची लाल कार तर त्याच्यापेक्षा चकाचक. रंगाचे एकावर एक दहा हात, प्रत्येक हात वाळला की पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासायचा, आणि शेवटी टूथपेस्ट लावून चोळायचा. त्या कारच्या टपात बघून दात मोजता यायचे.

आणि ती? तिला शाळा 'मिक्सर' म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी पालकसभेला तिची आई कामावरून थेट आली होती. पायात सिमेंटने पांढरे पडलेले बूट. आई सिमेंट कालवत नेणारी मिक्सरची गाडी चालवते हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं, आणि हिचं बारसं नव्याने झालं. आठवडाभर ती उशीत तोंड खुपसून रडली. मग एके सकाळी उठली, लाल पेन घेतलं आणि प्रत्येक वहीवर स्वतःच लिहून टाकलं – मिक्सर. घ्या! आता चिडवा!

पण आई त्यानंतर शाळेत आलीच नाही. "नको गं बाई, माझ्या बुटांनी तुमच्या फरश्या खराब होतात," म्हणायची. उद्या मात्र येणार होती. अकरा वाजता, दोन खेपांच्या मधे, फक्त अर्धा तास. आणि आपली गाडी कुणीतरी मान वाकवून बघतंय हे आईने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. थर्माकोल कोरून केलेला गोल ड्रम, त्यावर पुट्टी. व्हिनेगरमध्ये तारेची घासणी भिजवून काढलेला खराखुरा गंज. प्लास्टर आणि गोंदाचे वाळलेले सिमेंटचे ओघळ. ओघळ आणि गंज फडक्याला पुरून उरले होते. धूळ तेवढी गेली होती, कारण धूळ होती खडूची आणि तिच्यावर वार्निश मारायचं राहिलं होतं.

"सॉरी," चकाचक म्हणाला. "मला खरंच वाटलं की..."

तेवढ्यात प्रदर्शनाचे सर आले. त्यांनी मिक्सर पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! शेवटी धुतलीस का गाडी? बघ आता कशी शोभतेय! ठेवा ही पुढच्या टेबलावर."

पुढचं टेबल म्हणजे दारातून आत आलं की पहिलंच. आणि धुळीची गाडी ठेवली जाणार होती जिन्याखाली, झाडूंच्या कपाटाशेजारी. सरांनी तसं आठवडाभर आधीच बजावलं होतं.

पुढचं टेबल! आई दारातून आली की पहिली आपलीच गाडी... हो म्हणायचं, बस्स. एवढंच तर करायचं होतं.

"सर," ती म्हणाली, "ही आईची गाडी नाहीये."

"म्हणजे?"

"ही शोरूममधली आहे. आईची धुळीने भरलेली असते. मी आजच परत धूळ बसवते."

"मग जिन्याखाली जाईल."

"जाऊ दे."

सर मान हलवत निघून गेले. चकाचक तिच्याकडे डोळे मोठे करून बघत राहिला.

"पुढचं टेबल सोडलंस? धुळीसाठी?"

"तू चमक सोडशील?"

"छे!"

"मग? मला कशाला विचारतोस?"

फडक्याची घडी घालता घालता तो म्हणाला, "मी मदत करतो. चूक माझी आहे."

"तुला धूळ बसवता येते?"

"घरी तर आपोआप बसते."

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण ओठांनी ऐनवेळी फितुरी केली.

मधल्या सुट्टीनंतर दोघं खिडकीपाशी कामाला बसले. उन्हाचा एक चौकोन टेबलावर पडला होता. चकाचक मैदानावरून मूठभर माती घेऊन आला, तीही धापा टाकत.

"फेक ती."

"अगं, खरी माती आहे!"

"म्हणूनच फेक. ही गाडी एकास चोवीस आहे. खऱ्या गाडीचे चोवीस भाग केले तर त्यातला एक. हिचा ड्रायव्हर तुझ्या बोटाएवढा. तुझ्या मातीतला हा एक खडा त्याला लिंबाएवढा दिसेल. गाडीवर काय लिंबं वाळत घालायचीत? खरी माती इथे खोटी दिसते, कळलं?"

"आणि खोटी खरी दिसते?"

"बसवणाऱ्याला बसवता आली तर."

तिने करडा, तपकिरी आणि चिमूटभर पिवळा खडू पॉलिश पेपरवर घासला. ती पूड जुन्या मोज्यातून गाळली. एक ब्रश त्याच्या हातात दिला. तो मन लावून, सगळीकडे सारखी, गुळगुळीत धूळ फासू लागला.

"ए, पावडर लावतोयस का तिला? लग्नाला नाही निघाली!"

"मग कशी लावू?"

"धुळीलाही सवयी असतात. चाकांच्या वर ती जाड बसते. टपावर विरळ. काचेवर वायपर जिथे पोचत नाही त्या कोपऱ्यात जाऊन लपते. आणि वरून खाली उतरत जाते... अशी. बघ ना इकडे! माझ्याकडे काय बघतोस?"

"तुझ्या नाकावर आहे."

"काय?"

"धूळ. विरळ... पुसू?"

"खबरदार!"

"नाही, विचारून पुसायचं असं ठरवलंय मी आता," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, आणि तिने ब्रश झटकून त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर तपकिरी नक्षी काढली. वाटलं, आता हा किंचाळणार. पण त्याने शर्टाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "चाकांच्या वर जाड हवी होती ना?"

थोड्या वेळाने त्याने ब्रश खाली ठेवला. केबिनच्या दारापाशी डोळे नेऊन बराच वेळ बघत बसला.

"काकू रोज ह्याच दारातून चढतात?"

"मग काय खिडकीतून?"

"तसं नाही... मग हँडलवर धूळ कशी? आणि ह्या पायरीवर? रोज तिथे हात लागतो, पाय पडतो. तिथे उलट..."

तिने गाडी उन्हाकडे फिरवून दार पाहिलं.

खरंच की. तीन आठवडे ती धूळ बसवत होती. शाळेवरच्या रागात, 'घ्या, बघा, आहे आमची गाडी धुळीची' ह्या तोऱ्यात, सगळीकडे बसवत होती. आणि आईचा हात जिथे पडतो नेमकी तीच जागा तिने झाकून टाकली होती.

"तू... तू कर ते," ती हळूच म्हणाली. "मला चमक नाही जमत."

त्याने पेन्सिलीचं शिसं कागदावर घासलं, बोटाच्या टोकावर घेतलं आणि हँडलवर चोळलं. हलकेच, श्वास रोखून. इतक्या धुळीत ती एक रेघ लकाकली. मग पायरीची कड. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथूनच चढतंय, तिथूनच उतरतंय, असं वाटावं तशी.

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कोरलेल्या नखांत काळं शिसं गेलं होतं. चांगलं दिसत होतं – नखं म्हणायचंय हं, नखं!

ती खिडकीपाशी जाऊन वार्निशचा डबा हलवू लागली. मागे वळून पाहिलं तर हा सुई घेऊन मागच्या चाकाच्या मडगार्डवर वाकलेला.

"काय करतोस?"

"काही नाही. ब्रशचा एक केस अडकला होता." कान मात्र त्याच्या कारच्या रंगाचे.

तिने गाडी शाळेच्या पटांगणात नेली, हातभर अंतरावरून चमक न येणाऱ्या वार्निशचे दोन हलके हात मारले आणि विजयी सुरात म्हणाली, "आता ये घेऊन तुझं ओलं फडकं! कण हलायचा नाही."

"कणसुद्धा?"

"जन्मात नाही."

तो हसला. का हसला, ते तिला कळलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मिक्सर जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी. पुढच्या टेबलावर लाल कार झगमगत होती. पहिला अर्धा तास जिन्याखाली कुणी फिरकलं नाही. ती ताठ उभी राहिली. मान खाली घालायची नाही म्हणजे नाही!

मग एक आजोबा आले. त्यांच्या मागून दोन काकू आल्या. मग एक अख्खं कुटुंब.

"तो दारातला मुलगा म्हणाला," आजोबांनी खिशातून चष्मा काढला, "की माझी कार दोन मिनिटांत बघून होते, वेळ जिन्याखालच्या गाडीसाठी राखून ठेवा. म्हटलं बघू तरी. अरे वा! गंज तर अस्सल आहे हा!"

तिने लांबूनच पाहिलं. तो कुणाला तरी जिन्याकडे बोट दाखवत होता. नजरानजर झाली, आणि त्याने घाईघाईने आधीच चमकणारी कार पुसायला घेतली.

अकरा वाजता बाहेर इंजिन घरघरलं. तो आवाज ती झोपेतही ओळखते. आई दारात आली, आणि उंबऱ्यापाशीच थबकली. सकाळीच पुसलेली पांढरीशुभ्र फरशी. आई खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.

ती गर्दीतून धावत गेली. "आई, बूट घालूनच ये."

"अगं, फरशी..."

"ये म्हणते ना!"

तिने आईचा हात धरला आणि सगळ्या हॉलमधून, अगदी मधोमध, तिला घेऊन आली. मागे करड्या पावलांची रांग उमटली. सर लगबगीने चकाचकजवळ गेले आणि हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू, म्हणाले, "ते पटकन पुसून घे. प्रमुख पाहुणे यायची वेळ झालीय."

त्याच्या हातात फडकं होतंच. तो पावलांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"नाही सर."

"काय?"

"परवानगी न घेता एकदा पुसलं, सर. आता नाही पुसणार."

फडक्याची नीट चौकोनी घडी घालून त्याने ते खिशात ठेवलं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, पावलांकडे पाहिलं, आणि पाहुण्यांना मागच्या दाराने आणायला निघून गेले.

इकडे आई जिन्याखाली उकिडवी बसली होती. मग बोट पुढे आलं.

"पत्र्यावरचा हा पोचासुद्धा हुबेहूब उतरवलास?"

"हो."

"अगं बये, हा अजून मालकांना माहीत नाही!"

सगळे हसले. आई हसली नाही. तिचं बोट दारापाशी जाऊन थांबलं होतं. ती लकाकणारी रेघ. आईने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, मग परत हँडलकडे.

"हे... हे कुणाला दिसलं?"

तिने हनुवटीनेच दाराकडे खूण केली. आईने मान वळवून त्या उंच मुलाकडे एकदा नीट पाहून घेतलं. मग ती गाडीच्या मागच्या बाजूला सरकली.

"आणि इथे मडगार्डवर काय खरडलंय गं? माझा चष्मा राहिला गाडीत."

ती वाकली. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं, सुईने धुळीत कोरलेली –

उद्याही भांडशील?

आणि त्यावर तिने स्वतःच्या हाताने वार्निश मारलं होतं. दोन हात! कण हलायचा नाही!

"काय लिहिलंय?"

"काही नाही."

"काही नाहीने कान एवढे लाल होतात?"

आईची वेळ संपली. ड्रम रिकामा होता, पण पुढची खेप थांबणार नव्हती. फाटकाबाहेर खरा मिक्सर उभा होता, डोंगरासारखा, डोक्यापासून चाकापर्यंत धुळीने माखलेला. आईने हँडल धरलं, पायरीवर बूट ठेवला आणि वर चढली. बरोबर तिथूनच.

चकाचक शाळेच्या पायऱ्यांवर येऊन उभा होता. त्याच्या मागे खिडकी-खिडकीत डोकी.

असू देत. बघू देत! ती मिक्सरच्या मागे गेली, टाचा उंचावल्या आणि मडगार्डवरच्या जाड धुळीत बोट टेकवलं.

"काय करतेस मागे?" आईने आरशातून ओरडून विचारलं.

"उत्तर लिहितेय!"

आईने आरशातून पायऱ्यांवरच्या त्या उंच मुलाकडे पाहिलं. मग आई म्हणाली, "मोठं लिही. लांबून दिसलं पाहिजे."

तिने लिहिलं. हातभर उंचीची दोनच अक्षरं –

रोज.

मिक्सर हलला. ड्रम गरगरला, आणि ती दोन अक्षरं भर रस्त्यातून, अख्ख्या गावाला दिसतील अशी, ऐटीत निघाली. वळणापर्यंत ती बघत राहिली. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं.

"पाण्याने जाईल ना ते?" त्याने हळूच विचारलं.

"आई रविवारी गाडी धुते."

"मग?"

तिने धुळीने माखलेलं बोट त्याच्या इस्त्रीच्या बाहीला... न विचारता... पुसलं.

"सोमवारी परत बसते," ती म्हणाली. "आपोआप."