अकरा सेकंदांची परवानगी

सेनगावच्या कोर्टासमोर, पत्र्याच्या शेडाखाली टेबल मांडून बसलेल्या वकिलानं मान वर केली आणि आकांक्षाचं बोलणंच खुंटलं. अगं बाई... हाच तो!

हा चेहरा तिला पाठ होता. हसताना आधी डाव्या गालावर खळी पडते, मग डोळे मिटतात... गेले तीन दिवस तिनं त्याला थांबवलं होतं, मागं नेलं होतं, सावकाश चालवलं होतं. आणि या बाबाला त्याचा पत्ताच नाही!

आकांक्षा रतनसिंगच्या स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करायची. पुण्याच्या एका कंपनीनं एडिटरच्या नोकरीसाठी डेमो रील मागवली होती, म्हणजे आपल्या कामाचे निवडक तुकडे जोडलेली दोन मिनिटांची फिल्म. सोमवारपर्यंत. आणि पडद्यावर दिसणाऱ्यांची लेखी परवानगी हवी होती. त्या परवानगीचा कागद तपासून घ्यायला ती इथं आली होती.

"आपण कुठं भेटलो का?" वकिलानं विचारलं. पाटीवर नाव होतं, ॲड. धम्मानंद खिल्लारे.

"तुमी मला न्हाई पाह्यलं. मी तुमाला पाह्यलंय... दोनशे वेळा तरी."

"कामाचं बोला," तो म्हणाला, पण कान लाल झाले होते.

काम ऐकून मात्र तो गंभीर झाला. शूटिंग स्टुडिओचं, तेव्हा मालकाची परवानगी हवी. लग्न ज्यांचं, त्या घरची हवी. ज्यांचा चेहरा ओळखू येतो, त्यांची हवी. "आणि डीजेचं गाणं काढून टाका, त्याचे हक्क निराळे. अन् परवानगी किती काळाची, ती मुदतीची जागा कधी रिकामी सोडायची न्हाई."

"मालकाची न् नवरीच्या घरची सही झाली. दोघंच राहिले. नवरीची आजी जमनाबाई, आणि एक नाचणारा... इज्जतदार माणूस दिसतो. हो म्हणंल का?"

"इज्जतदार असंल तर लेखीच घ्या. दावा टाकंल तो."

तिनं गालातल्या गालात हसत मोबाईल पुढं केला.

जवळच्या गोरेगावची वरात. रुमालाचं टोक दातात धरून नागीण डान्स करणारा एक उंच पोरगा. मधेच तो थांबतो, खुर्चीत एकट्या बसलेल्या म्हातारीपुढं गुडघे टेकतो, रुमालाचं दुसरं टोक तिच्या हातात देतो... आणि म्हातारी बसल्या जागी डोलायला लागते. सगळे मिळून अकरा सेकंद.

"न्हाई!" धम्मानंद उडालाच. "आत्ता कुठं सनद मिळालीय मला. पक्षकार हसतील!"

"दोन कंपन्यांनी मला परत पाठवलं, वकीलसाहेब. काम नेहमीचंच म्हणून. हे नेहमीचं न्हाई..."

तो बॅग उचलत म्हणाला, "आधी आजीचं तर बघू. चला."

जीप सेनगावहून सुटली तेव्हा दोघांच्या मधे त्याची फायलींची बॅग होती. गोरेगाव आलं तेव्हा बॅग मांडीवर होती, आणि ती कुणी उचलली हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

कागद बघताच जमनाबाई घरातून आधारची झेरॉक्स आणि पासबुक घेऊन आल्या. "कोन्ती योजना हाय? कुठं लावू अंगठा?"

आकांक्षाला हसू फुटलं. धम्मानंदनं मात्र कागद मागं घेतला. "योजना न्हाई, आजी. आधी पाहा, समजून घ्या, मग हो म्हणा. न पाहता दिलेला अंगठा मी घेणार न्हाई."

खरं सांगायचं तर आकांक्षा तिथंच त्याच्या प्रेमात पडली.

जमनाबाईंनी ते तीनदा पाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. "येवढ्या लग्नांत खुर्चीवर बसले बाई. कुनी असं नाचवलं न्हवतं. टाक! साऱ्या जगाला दाव!" वकिलाची सही अजून बाकी आहे हे आकांक्षानं सांगताच त्या त्याच्याकडं वळल्या. "अन् हे पोरगं तूच व्हय? तू काहून सही करून न्हाई राहिला?"

"आजी, इज्जत..."

"म्हातारीला इज्जत न्हाई व्हय? माझा अंगठा चालतो, अन् तुझी सही लई महाग!"

बिचाऱ्यानं दोन प्रतींवर मुकाट सही केली.

परतीच्या जीपमध्ये आकांक्षानं आपली प्रत वाचली. "वकीलसाहेब, मुदत राहिली."

"कंपनीच्या प्रतीवर एक वर्ष लिहिलंय. तुझ्या प्रतीवर... राहिली न्हाई, ठेवली." तो बाहेर बघत होता. "नोकरीचं कळू दे, मग तूच भर. सहीच्या बदल्यात काही मागितलं, असं नको व्हायला."

सेनगाव येईपर्यंत तो कागद तिनं घडी घालून मुठीत धरला होता.

बाराव्या दिवशी पुण्याहून फोन आला. "ते आजीचे अकरा सेकंद आम्ही सगळ्यांनी उभं राहून पाहिले. कधी येताय?"

आकांक्षा स्टुडिओतून पळत सुटली ती थेट शेडाखाली. पक्षकार, वकील, चहावाला, सारे बघत होते. तिनं टेबलावर कागद पसरला आणि मुदतीच्या जागी लिहिलं, 'कायम'.

"नोकरी लागली! अन् मला तुमी आवडता. पुण्याला काय, बस जाते की!"

धम्मानंदनं ते दोनदा वाचलं. कागद खिशात ठेवला. मग काळ्या कोटाच्या त्याच खिशातून रुमाल काढला आणि एक टोक दातात धरलं.

"अहो, सारे बघून राहिले!"

"बघू दे की," तो दातांतून म्हणाला, आणि रुमालाचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

भर दुपारी, कोर्टासमोर, गाण्याशिवाय दोघं नाचली.