टोपलीभर माती

पूर्वी कुडाळच्या बाजारात बायका पोळपाट घेताना तो जमिनीवर ठेवून डगडगतो का ते बघत. आता आधी त्याचं गाव विचारतात. विचारतात म्हणजे तोंडानं नव्हे. पर्समधून बोटाएवढी नळी काढायची, पोळपाटाच्या कडेला टेकवायची आणि फोनवर वाचायचं: अमुक गाव, अमक्याचा बांध, तोड अमुक साली. मग घासाघीस सुरू. ती बंद पाडणारं यंत्र मात्र अजून कोणी काढलेलं नाही.

या नळीला मूळवाचक म्हणतात. तत्त्व साधं आहे. झाड जमिनीतलं पाणी पितं, आणि पाण्याबरोबर त्या मातीतली मूलद्रव्यं थोडी थोडी खोडात जातात. कुठे स्ट्रॉन्शियम जास्त, कुठे बेरियम, कुठे मँगनीज. दोन शेजारच्या बांधांची मातीसुद्धा अगदी सारखी नसते. झाड वर्षाला एक कडं वाढवतं आणि त्या वर्षाचा मातीचा हिशोब त्या कड्यात कायमचा बंद होतो. नळीतला प्रकाशझोत टाचणीच्या डोक्याएवढं लाकूड जाळतो, वाफेचे रंग वाचतो आणि देशाच्या माती-नकाशाशी ताडून बघतो. चूक झालीच तर पन्नास मीटरची. चोरट्या लाकडाचा धंदा या नळीनं पाच वर्षांत बुडवला, हे मान्य करायलाच हवं.

नळी आली तेव्हा सगळ्यांत खूश झाली ती वैजयंती मेस्त्री. हेदवणे गावातल्या सव्वीस सुतार घरांची संस्था ती चालवत होती. लाकूड गावच्या बांधांवरच्या आईनाच्या झाडांचं, तेही ठरवून. एक तोडला की एक लावायचाच. तिच्या आजोबांपासून हेच चालू होतं, फक्त कोणी विचारत नव्हतं. आता विचारू लागले. संस्थेला ‘जबाबदार लाकूड’ हा शिक्का मिळाला आणि हेदवण्याची घडीची टेबलं थेट परदेशातल्या दुकानांत जाऊन उभी राहिली. मुंबईला वॉचमन म्हणून गेलेले दोघे परत येऊन रंधा मारू लागले.

तोच शिक्का गेल्या मंगळवारी अडकला. बंदरावर तपासणीत बारा टेबलांना नळी लावली आणि बाराही टेबलांनी एकच पत्ता सांगितला: हेदवणे, देवराई.

देवराई म्हणजे गावदेवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकी चुलीत घालायची गावात कोणाची छाती नाही. सरकारी यादीत ती ‘अस्पर्श वन’, म्हणजे माणसाचा हात न लागलेलं. अशा वनातलं एक फळकूट सापडलं तरी शिक्का दहा वर्षं रद्द. शुक्रवारपर्यंत खुलासा द्यायचा होता.

बुधवारी सकाळी तपासनीस आला. नागेश कोळेकर, मूळचा जतकडचा, कमी बोलणारा माणूस. कारखान्यातल्या भुशावरून जपून चालत तो टेबलाशी बसला. देवराईचे मानकरी आपा परब आधीच बाकावर येऊन बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, त्यातली साठ वर्षं राई राखण्यात गेलेली. गावावर आळ आला म्हटल्यावर त्यांना घरात बसवेना.

“ताई, एक नमुना चुकतो, दोन चुकतात,” कोळेकर म्हणाला. “बारा चुकत नाहीत.”

“मग मशीन चुकतंय.”

“मशीन चुकलं असतं तर बारा वेगवेगळे पत्ते आले असते.”

वैजयंती संतापली होती. रात्रभर ती सव्वीस घरांतल्या एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बघत होती, आणि ज्याच्यावर संशय घ्यावा असा एकही सापडत नव्हता, याचा तिला जास्तच राग आला होता. “साहेब, राईतून जाताना आमची माणसं चप्पल हातात घेतात. ती तिथे करवत नेतील होय?”

 कोळेकरनं संस्थेचे सहा वर्षांचे अर्ज काढले आणि एकेक प्रश्न वाचायला घेतला. चौदावा प्रश्न होता: रोप लावताना बाहेरची माती, खत अथवा रसायन वापरले काय? सहाही अर्जांवर उत्तर होतं ‘नाही’, आणि खाली वैजयंतीची सही.

“माती तर घालतव आमी,” आपा म्हणाले.

“आपा, ती बाहेरची कुठे? ती राईची.”

कोळेकरनं पेन खाली ठेवलं. “कसली माती?”

मग दोघांनी मिळून सांगितलं. बांधावरचा आईन तोडला की जत्रेनंतरच्या पहिल्या सोमवारी त्या घरानं टोपली घेऊन राईत जायचं. आपांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं. मग टोपलीभर माती घ्यायची, बांधावरच्या खड्ड्यात ओतायची आणि तिच्यात रोप लावायचं. आईन याच मातीत धरतो, नुसत्या बांधाच्या मातीत रुसतो, असं म्हातारी माणसं सांगत. हे अर्जात लिहायचं असतं हे वैजयंतीच्या कधी मनातही आलं नव्हतं. आईच्या दुधाला कोणी वरचं दूध म्हणतं का?

कोळेकर उठला. कोपऱ्यात आईनाचा एक ओंडका होता, वैजयंतीच्याच खालच्या बांधावरचा. “बंदरावर नमुना गाभ्यातून घेतात,” तो म्हणाला. “गाभ्याला पॉलिश, घाम, काही लागलेलं नसतं म्हणून. पण गाभा म्हणजे झाडाची पहिली पाच-सात वर्षं.” त्यानं नळी मधोमध टेकवली आणि एकेक कडं सोडत सालीकडे सरकवली. देवराई. देवराई. सहा कड्यांपर्यंत देवराई. सातव्या-आठव्यात दोन्ही माती मिसळलेल्या. नवव्यापासून पुढे सालीपर्यंत: हेदवणे, मेस्त्री, खालचा बांध.

वैजयंती तिथेच भुशात बसली. तिला एकदम हलकं वाटलं. आणि मग स्वतःचाच राग आला. सहा वर्षं आपणच ‘नाही’ लिहीत होतो.

“एवढ्यानं भागणार नाही,” कोळेकर म्हणाला. “फरक दाखवायला राईतल्या उभ्या झाडाचा नमुना जोडावा लागेल. सगळ्यात जुन्या झाडाचा, सालीपासून गाभ्यापर्यंत. काडीएवढं भोक पडतं, झाडाला इजा होत नाही. सगळे निकाल एकत्र जातात. अर्धी साक्ष घेत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी राईत आपांनी नारळ फोडून ठेवला आणि हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज हो पावणो तुझ्या दारात इलो हा. तुझ्या झाडाक सुई टोचतलो. हौशेखातर नाय, सव्वीस चुलींसाठी. तेचो राग धरू नको, आणि जा काय खरा असात ता तेका दिसांदे, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” वैजयंती म्हणाली. एक क्षण थांबून कोळेकरही म्हणाला. त्याच्या नोंदवहीत ‘परवानगी’ असा रकाना होता. त्यात त्यानं ‘घेतली’ असं लिहिलं. कोणाची, ते लिहायला जागा नव्हती.

जुना आईन तिघांच्या कवेत मावणार नाही एवढा होता. कोळेकरनं पोकळ सुईनं बारीक लांब काडी काढली, ती खोबणीत ठेवली आणि नळी फिरवली. तीनशेच्या वर कडी. सगळी हेदवण्याची. फक्त गाभ्यातली पहिली पाच वेगळी आली. त्यानं नळी पुसून पुन्हा लावली. मग दुसऱ्या झाडाची काडी काढली, मग तिसऱ्याची. तीच गोष्ट. तिन्ही झाडांची पहिली पाच वर्षं घाटावरच्या, चाळीस किलोमीटर लांबच्या एका जागेचा पत्ता सांगत होती.

“तिथे काय आहे?” वैजयंतीनं विचारलं.

कोळेकरनं फोनवर वरून घेतलेलं चित्र दाखवलं. उघडा माळ. “जुन्या नकाशावर इथे देवाची राई दाखवली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी कोळशासाठी तोडली.”

आपांनी वाकून चित्र बघितलं. मग त्यांनी आईनाच्या खोडावर हात ठेवला. “म्हणजे आमच्यासारखोच कोणतरी टोपली घेवन इलो हुतो. मी साठ वर्सां सांगत इलंय, ही राय देवान लायल्यान. माणसान लायल्यान, गो, आणि देवाच्या नावान सोडल्यान.” त्यांचा चेहरा उजळला होता. इतकं आनंदी त्यांना वैजयंतीनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

कोळेकर मात्र हसला नाही. “आपा, अस्पर्श वन म्हणजे माणसानं न लावलेलं. ही राई लावलेली आहे. हा निकाल वर गेला की यादीत ती आपोआप ‘लागवड’ होईल. आणि लागवड तोडता येते. आखून, नियमानं, शिक्क्यासकट.”

“आम्ही नाही तोडणार,” वैजयंती म्हणाली.

“आज नाही.”

तिला एक गोष्ट ठाऊक होती. परदेशी मागणीमुळे बांधांवर तोडीला आलेला आईन आता सहाच वर्षं पुरेल. नवी रोपं तयार व्हायला तीस लागतील. आणि सुई टोचली जात असताना, वर बघता बघता, या खोडातून किती फळ्या निघतील याचा अंदाज तिच्या डोळ्यांनी आपोआप बांधला होता. सुताराचा डोळा, त्याला काय करणार. पण तिला स्वतःची लाज वाटली.

“आणि नाही पाठवला तर?”

“तर उद्या संध्याकाळी शिक्का जाईल. दहा वर्षं.”

ती आपांकडे वळली. “आपा, तुम्ही सांगा.”

“मी राखणारो, गो,” आपा म्हणाले. “लावणारो येगळो.” आणि नारळाची शकलं गोळा करायला ते खाली वाकले.

शुक्रवारी दुपारी वैजयंतीनं निकाल पाठवला. ज्यांच्या चुली त्यावर अवलंबून होत्या त्या सव्वीस घरांना तिनं आधी कारखान्यात बोलावून राईचं काय होणार ते सांगितलं.  परत आलेल्या वॉचमनांपैकी एकजण एवढंच म्हणाला, “आपण हात नाय लावला म्हणजे झालं.” शनिवारी बंदरावरचा माल सुटला. रविवारी संध्याकाळी सरकारी यादीत हेदवण्याच्या नावापुढचा शब्द बदलला.

सोमवारी सकाळी अकराला फोन वाजला. शहरी, गोड आवाजाची बाई होती.

“हेदवणे लागवड क्रमांक एक, बरोबर? यादीत काल दिसली. तीनशे वर्षांचा आईन आणि पक्क्या जन्मदाखल्यासह, असं आम्ही अजून कुठे बघितलं नाही. नियमाप्रमाणे लावणाऱ्याची किंवा त्याच्या वारसाची संमती लागते. तेवढी एक सही मिळाली की आमची माणसं तोडायला येतील.”

वैजयंतीनं खिडकीतून बाहेर बघितलं. जत्रा पंधरा दिवसांवर आली होती. पडवीत आपा बसून टोपलीची सुटलेली कड बांबूच्या कामटीनं विणत होते.

“विचारून सांगावं लागेल,” ती म्हणाली.

“हो, विचारा ना. मी थांबते लाइनवर,” बाई म्हणाली. “कोणाला विचारणार?”