चाळीस सापळे

पहिल्या क्रमांकावर आपलं नाव ऐकून मीनल साहूला आधी हसू आलं आणि मग भीती वाटली.

"सर, कुछ गड़बड़ है," ती उभी राहून म्हणाली. "मेरे तो कभी पंद्रह से ऊपर नहीं आए."

रायपूरच्या बूढ़ापारा भागातल्या देशकर क्लासेसचा तो महासराव होता. एमबीएच्या प्रवेश परीक्षेला बसणारी रायपूर-भिलाईची पोरं दरवर्षी हा सरावाचा पेपर देत. चाळीस प्रश्न, आणि प्रत्येक असा की भल्याभल्यांनी घसरावं. यंदा मात्र भलेभले सगळे तळाला गेले होते आणि वर्गात सगळ्यांत मागे बसणारी मीनल वर आली होती.

नरहर देशकर सरांनी तिथंच, माईकसमोर, स्टेन्सिल हातात घेतली. स्टेन्सिल म्हणजे पातळ पुठ्ठा, बरोबर पर्यायाच्या जागी भोक पाडलेला. तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा आणि भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे. सरांचा संगणकावर विश्वास नव्हता. त्यांचा त्यांच्या पुठ्ठ्यावर होता, आणि त्या पुठ्ठ्यातलं एकूण एक भोक चुकीच्या जागी निघालं.

मागची पोरं हसली. कोणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळी सदर बाजारात सोनारांच्या पेढीवरसुद्धा तो पाहिला जात होता.

सरांनी संघर्ष मेश्रामची कॉलर धरली. संघर्ष त्यांच्याकडे शिकवायचा, आणि स्टेन्सिलचं पाकीट घरून वर्गात त्यानंच आणलं होतं.

"उद्या दुपारी पालकांची सभा घेतो," सर गरजले. "गुन्हेगाराचं नाव मी स्वतः स्टेजवरून सांगेन. तिथून थेट पोलीस ठाणं."

*

गुढ़ियारी वस्तीत संघर्षच्या घरमालकीण होत्या पद्मिनी कडू. रेल्वेच्या दक्षता विभागात हयात घालवून निवृत्त झालेल्या. आडनाव कडू आणि जीभही तशीच. सकाळी संघर्ष जिन्यावर डोकं धरून बसलेला दिसला तेव्हा त्यांनी त्याला आत ओढून पोहे पुढे ठेवले आणि चौकशी सुरू केली.

"पाकीट कोणी देल्लं तुले?"

"सरांनी. घरून."

"उघडलं कोणी?"

"मीच. सगळ्यांसमोर. कापडी पाकीट, शिवलेलं, वर लाखेचं सील. टाके शाबूत होते, लाखही शाबूत होती."

"वाटेत थांबला होता?"

"चहाले. पण पाकीट मांडीवरच होतं, काकू."

"सरांचा राग हाय तुले?"

संघर्षनं मान खाली घातली. "हव. सरांच्या सरावाच्या पुस्तकातले अर्धे प्रश्न मी बनवले. नाव टाका म्हटलं तर म्हणाले, छापखान्याचं टाकतो, तुझं नाही टाकत."

"आणि तो सदर बाजारात दुसरा क्लास चालवणारा स्वानंद? तुले नोकरी देऊन राहिला होता ना?"

"मी हो म्हटलं नाही. काकू, परवा माझी इंदूरला मुलाखत हाय. तीन वर्षं त्या कॉलेजसाठी घासून राहिलो. पोलीस केस झाली तर कोण घेईल मले?"

पद्मिनीताईंनी पेपर मागितला. दुसराच प्रश्न असा होता: नील ताशी चाळीसच्या वेगानं गेला, त्याच वाटेनं ताशी साठनं परत आला, त्याचा सरासरी वेग किती?

"पन्नास," ताई म्हणाल्या.

"चूक. अठ्ठेचाळीस. जाताना जास्त वेळ लागला ना. पण घाईत सगळे पन्नासच म्हणतात. म्हणून आम्ही पन्नास हा पर्याय मुद्दाम ठेवतो. त्याले सर सापळा म्हणतात. प्रत्येक प्रश्नात एक बरोबर, एक सापळा, आणि दोन नुसते भरतीचे."

"आणि स्टेन्सिलमध्ये भोक कुठं होतं?"

"पन्नासवर."

"आणि बाकीच्यांत?"

संघर्षनं फोनमधला पुठ्ठ्याचा फोटो पाहिला, पेपर पाहिला. एकेका प्रश्नावर बोट फिरत गेलं तसा त्याचा आवाज बसत गेला. "सगळीकडे सापळाच हाय, काकू. चाळीसच्या चाळीस."

"हे सापळे कोणाले माहीत होते?"

"मले आणि सरांले," संघर्ष म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं.

*

सदर बाजारातल्या आपल्या क्लासमध्ये स्वानंदनं ताईंना काउंटरवरचा पेढा देऊ केला.

"काल वाटले मी," तो बिनदिक्कत म्हणाला. "त्या माणसानं मले भर वर्गात नालायक म्हणून हाकललं होतं. पाच वर्षं त्याच्या पडण्याची वाट पाहून राहिलो. पाडलं मात्र दुसऱ्यानं, त्याचंच वाईट वाटून राहिलं."

"तुम्ही असते तर कसं पाडलं असतं?"

"भोकं कुठंही पाडली असती. सापळा शोधत बसाले येळ कोणाले हाय? आणि पेपर तर मी परीक्षेनंतरच पाहिला."

द्वेष इतका उघड्यावर मांडून बसलेला माणूस पद्मिनीताईंनी नोकरीत फारदा पाहिला नव्हता. त्यांनी पेढा खाल्ला आणि त्याला यादीतून वगळलं.

*

देशकरांच्या फाटकाशी मीनल उभी होती, हातात करंडक. सर तो परत घेत नव्हते.

"बेटा, मले एक सांग," ताई म्हणाल्या. "या पेपरमध्ये जिथं तिथं हा नील कोण हाय?"

मीनल खुदकन हसली. "अरे आंटी, नील तो सर का बकरा है! हर किताब में वही. नील दुकान खोलता है, घाटा. नील इम्तिहान देता है, फेल. सर बस नाम लेते हैं और पूरी क्लास हँसती है. ये मेस वाला तो इस साल की किताब में नया है."

तिनं पुस्तक उघडून दाखवलेला प्रश्न ताईंनी वाचला. नीलनं परक्या गावात खाणावळ काढली, ती बुडाली, तर त्याचं एकूण नुकसान किती टक्के, असा काहीसा. हिशोब सोपा होता. प्रश्न मात्र बराच लांब होता. नीलनं भांडी कशी विकली, फाटका बोर्ड कसा उतरवला, हेही त्यात आलं होतं. गणिताला त्याची काही गरज नव्हती.

दारावर पाटी होती: नरहर देशकर, कुसुम देशकर. खाली तिसरी ओळ होती, पण तिच्यावर रंग फासलेला होता.

सरांनी ताईंना बसवलं. "मी चहा करतो," असं म्हणून ते स्वतः खुर्चीत बसले. थोड्या वेळानं आतून कुसुमताई चहा घेऊन आल्या.

"स्टेन्सिल कोणी केली?" ताईंनी विचारलं.

"मी. याच टेबलावर. माझ्या प्रतीत बरोबर पर्यायाला हिरवी खूण, सापळ्याला लाल टिंब. हिरवी बघायची, भोक पाडायचं. पाकीट मीच शिवलं, लाख मीच लावली. अंगठीचा ठसा माझा. म्हणजे घरातून खरीच स्टेन्सिल गेली. पुढं त्या पोरानं वाटेत बदलली."

"लाख न मोडता?"

"हुशार आहे. मीच शिकवलाय त्याला."

"घरात अजून कोण असतं?"

"ही. हिला टक्के म्हणजे काय ते कळत नाही. मीनलपेक्षा गेलेली केस." सर हसले. कुसुमताई हसल्या नाहीत.

"आणि हा नील कोण, सर?"

"एक काल्पनिक गाढव," सर म्हणाले.

कुसुमताई कप न उचलताच आत निघून गेल्या. सरांच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं. ताईंनी ते पाहून पर्समधली सुई-दोऱ्याची डबी काढली.

"टाका घालून घ्या, सर. सभेत बरं नाही दिसणार."

सर डबीकडे पाहत राहिले. मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकलं का!"

पद्मिनीताईंनी डबी परत पर्समध्ये टाकली. त्यांचं काम झालं होतं.

*

पालकांनी आणि पोरांनी सभागृह भरलं होतं. स्टेजमागच्या खोलीत सर, कुसुमताई आणि कोपऱ्यात संघर्ष होता, घामानं भिजलेला.

"नाव सांगण्याआधी माझं ऐका," पद्मिनीताई म्हणाल्या. "लाख शाबूत होती, टाके शाबूत होते. याचा अर्थ सरळ हाय. पाकीट शिवलं तेव्हाच त्यात खोटी स्टेन्सिल होती."

"पाकीट मी शिवलं!"

"तुम्ही चहासुद्धा केला होता, सर. मी पाहिलं कसा केला ते. तुमच्या 'मी'मध्ये तुमची बायको धरलेलीच असते. तुम्ही भोकं पाडली, स्टेन्सिल टेबलावर ठेवली, आणि ती शिवायले यांच्या हाती गेली. शिवून आली त्यावर तुम्ही लाख लावली. आत काय हाय ते पाहिलंच नाही."

सर बायकोकडे वळले, मग हसले. "ही? चाळीस सापळे ओळखायला डोकं लागतं, बाई."

"तिथंच तुम्ही फसले, आणि थोड्या वेळासाठी मीही. मले वाटलं, सगळे सापळे ओळखणारा म्हणजे गणितात तरबेज. म्हणून संशय या पोरावर. पण तुमची प्रत टेबलावर उघडीच होती. हिरव्याऐवजी लाल टिंब पाहून भोक पाडायचं, याले कशाचं गणित लागते? टक्के न कळणारं माणूसही पाडू शकते."

पदराचं टोक कुसुमताईंनी बोटाभोवती गुंडाळून घेतलं होतं.

"काहून केलं, हे मले पाटीनं सांगितलं," ताईंचा आवाज जरा खाली आला. "तिसऱ्या ओळीवर रंग हाय. त्याखाली नील लिहिलेलं असणार."

"हव," कुसुमताई म्हणाल्या. "नील आमचा मुलगा."

संघर्षनं दचकून वर पाहिलं. इतकी वर्षं त्यानंही त्या नावाचे प्रश्न बनवले होते.

"प्रत्येक प्रश्न हे आधी त्याले सोडवाले द्यायचे," कुसुमताई बोलू लागल्या. "तो जे चुकायचा, तोच सापळा. त्याच्या चुकांवर यांचं पुस्तक उभं राहिलं, आणि वर्गात त्याच्याच नावानं पोरं हसायची. तो परीक्षेत नापास झाला, घर सोडून नागपूरले गेला. तरी मले फोन करायचा. एक दिवस रडत रडत म्हणाला, आई, मेस बंद पडली, बोर्ड स्वतःच्या हातानं उतरवला, बाबाले नको सांगू. मी सांगितलं. बापाचं काळीज असेल, मदत करतील, असं वाटलं मले."

त्यांनी बोटाभोवतीचा पदर सोडला.

"यांनी त्याचा प्रश्न केला. पुस्तक निघालं, नीलनं वाचलं. बोर्डाची गोष्ट फक्त मले माहीत होती. त्याले वाटलं, मीही त्याच्यावर हसले. तेव्हापासून फोन उचलत नाही माझा."

"म्हणून तू माझं नाव मातीत घातलंस?" सर ओरडले.

"हो, घातलं! ज्या उत्तरांवर माझ्या पोराले गाढव म्हटलं, ती सगळी उत्तरं एक दिवस बरोबर केली मी. एक दिवस सगळ्या शहरात त्याच्यासारखं डोकं पहिलं आलं. पुठ्ठा हातात घेतल्याबरोबर तुम्ही ओळखाल वाटलं होतं. लाल टिंबं तुमचीच ना? तुम्हाले तीही ओळखू आली नाहीत."

"आणि हा?" पद्मिनीताई कडाडल्या. "हाही कोणाचा तरी पोट्टाच हाय ना? याची कॉलर धरली तेव्हा तोंड काहून नाही उघडलं?"

पहिल्यांदाच कुसुमताईंची मान खाली गेली. "आज उघडणारच होते, भर सभेत. पण कालच उघडाले पाहिजे होतं. चुकलं माझं, बेटा."

सरांनी घाम पुसला. "ठीक आहे. घरातलं घरात राहू द्या. यंत्राची चूक झाली असं सांगतो."

"यंत्र कुठलं? पुठ्ठा हाय तो," कुसुमताई म्हणाल्या. "स्टेजवरून नाव सांगीन म्हणाले होते. सांगा. या पोराले सगळ्यांसमोर निर्दोष म्हणा आणि मग सगळं सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर माईक मी घेते."

सर बाहेर गेले. उघड्या दारातून ते एका बाजूनं दिसत होते, आणि बटणाचा दोरा अजून लोंबत होता.

"संघर्षचा काही दोष नाही," ते माईकमध्ये म्हणाले. "मी त्याची माफी मागतो."

सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेतून मीनलनं विचारलं, "तो फिर किसने किया, सर? और किसके लिए?"

सरांनी माईक जवळ ओढला. मग म्हणाले, "नीलसाठी."

सगळं सभागृह खो खो हसलं. पोरांना सवय होती. ते नाव आलं की हसायचं, हे त्यांना सरांनीच शिकवलं होतं.

"हसू नका," सर म्हणाले. "नील माझा मुलगा आहे."

पुढच्या रांगा एकदम गप्प झाल्या. मीनलनं तोंडावर हात ठेवला. पण माईक जुना होता आणि हशाच्या गोंगाटात मागच्यांपर्यंत ते शब्द पोचलेच नाहीत. ते हसतच राहिले. सरांनी वळून दाराकडे पाहिलं. त्यांना आत यायचं होतं.

कुसुमताईंनी दारावर हात आडवा ठेवला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ऐकून घ्या. पुरतं ऐकून घ्या."