दहा पदरी गाठ

सकाळी दहाला आमच्या दुकानाचं पितळी दार उघडतं, तेव्हा आम्ही सगळ्या ओळीनं उभ्या राहून पहिल्या गिऱ्हाइकांना कमरेत वाकून नमस्कार करतो. गिऱ्हाइकांनी नुसतं आत यायचं असतं. पण त्या सोमवारी एक उंच, उन्हानं रापलेला माणूस आत आला आणि प्रत्येकीसमोर थांबून तेवढाच वाकून नमस्कार करत सुटला! अत्तरं, हातरुमाल, छत्र्या... माझ्यापर्यंत पोचेतो बिचाऱ्याची कंबर मोडायला आली होती. मी फिस्सकन हसले. नमस्कारात हसणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच.

"चुकलं का काही?" त्यानं हळूच विचारलं.

"छे, छे! आपलं स्वागत आहे, साहेब."

"नाही, चुकलंच. तुमचे कान लाल झालेत."

हा सासामोरी. उत्तरेकडच्या हिरोसाकीचा सफरचंदांचा बागवाला, चार दिवस टोकियो बघायला आलेला. बाकीचे पाहुणे देवळं बघतात, मनोरे बघतात. हा पठ्ठ्या मात्र रोज सकाळी माझ्यासमोर हजर. पुडे बांधायचं काउंटर माझं. मंगळवारी त्यानं तीन साबण बांधून घेतले, बुधवारी आणखी तीन.

"साहेबांनी मनोरा पाहिला का?"

"पाहिला, लांबून. जवळचंच बघून होत नाहीये अजून."

मी मान खाली घालून कागदाला घडी घातली. ती वाकडी पडली.

गुरुवारी तो भाताचे वाडगे बघत होता. जोडीचे. एक मोठा, एक लहान.

"तुम्ही असता तर कुठला जोड घेतला असता?"

"हा... निळा आणि तांबडा."

"मग हाच द्या. लग्नाचं आहे. पुड्यावरची नावाची जागा कोरी ठेवा, ती घरी भरू. आणि जरा लवकर हं, बारा वीसची गाडी आहे."

लग्नाचं! नाव घरी भरणार, म्हणजे कार्य घरचंच. म्हणजे ह्याचंच... तोंडानं मात्र मी "हार्दिक अभिनंदन" म्हणून मोकळी झाले. आमच्या तोंडाला तशी सवयच असते. हात पुडा बांधत राहिले. तो काहीतरी बोलणार होता, ओठ उघडलेही... मग मिटले. पिशवी घेऊन तो निघून गेला.

"हिराओ, हे काय गं?"

माझ्या मागे कुसुमोतोबाई. तीस वर्षं या काउंटरवर आहेत. त्यांच्या हातात दहा पदरी दोरी होती, न वापरलेली.

"लग्नाच्या पुड्याला तू पाच पदरी बांधलीस? फुलाची गाठ?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. फुलाची गाठ ओढली की सुटते, पुन्हा बांधता येते. बारसं, नवं घर, पुन्हा पुन्हा यावेत अशा आनंदांसाठी ती. लग्नाला दहा पदरी, कधीच न सुटणारी. लग्नाच्या पुड्यावर फुलाची गाठ म्हणजे "हे मोडो, दुसरं होवो" असं तोंडावर सांगणंच की!

"घरच्या म्हाताऱ्यांनी पाहिलं तर मांडवात रडारड होईल. आठ वर्षांत एक गाठ चुकली नाहीस, आज झोपा काढत होतीस? बारा वाजलेत. पळ! गाठ बदल, माफी माग."

त्यांच्या हातातली दोरी घेऊन मी पळाले. गणवेश, टोपी, छातीवर नावाची पट्टी, तशीच. स्टेशन दहा मिनिटांवर. पळताना मनात आलं, नाही सापडला तर? जाऊ दे तो पुडा, सुटू दे ती गाठ... आणि माझीच मला इतकी लाज वाटली, की मी आणखी जोरात पळाले.

फलाटाचं तिकीट काढून वर पोचले तेव्हा बारा तेरा झाले होते. तो बाकावर बसला होता, मांडीवर आमची पिशवी. मी कमरेत वाकले.

"घोर चूक झाली. पुडा द्या, गाठ बदलते."

त्यानं दिला. मी बाकाशी गुडघे टेकले. फुलाची गाठ ओढून सोडली.

"चूक म्हणणंही खोटंच आहे, सासामोरीसाहेब. हे लग्न होऊ नये असं वाटलं मला. म्हणून हात तिकडे गेला. हे माझं पाप, तुमच्या नवरीला त्याची झळ नको. सुखानं संसार करा... इथे बोट धरा."

त्यानं बोट ठेवलं. मी दहाही पदर ओढून करकचून गाठ मारली. डोळ्यांतलं पाणी पुड्यावर पडू नये म्हणून मान वळवली.

"झाली?"

"झाली. आता कापल्याशिवाय सुटायची नाही."

"बरं झालं. उद्या धाकट्या भावाचं लग्न आहे. नाव आजोबा लिहिणार, अक्षर चांगलंय त्यांचं."

भावाचं!

"मग हे तिथंच सांगायला काय झालं होतं?" मी ओरडलेच.

"सांगणार होतो. पण तुम्ही इतकं गोड अभिनंदन केलंत... तुम्ही सगळ्यांशीच गोड बोलता हो. त्यातलं माझ्या वाट्याचं कुठलं, हे कसं कळायचं? चार दिवस तेच शोधत होतो."

"ठोंब्या! म्हणून सहा साबण घ्यायचे?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी तोंडावर हात ठेवला. आठ वर्षांत गिऱ्हाइकाला असं कधी बोलले नव्हते. तो मात्र लाडू मिळाल्यासारखा हसत होता.

"हे माझ्या वाट्याचं?"

उत्तर द्यायच्या आत गाडी आली. दारं उघडली. तो उठला, पुडा छातीशी धरून.

"जायला हवं. उद्या लग्न..."

"पुन्हा यावं, आम्ही वाट पाहू." दिवसातून शंभरदा म्हणते मी हे. ओठांवर आलंही होतं. गिळलं. त्याच्या बाहीचं टोक मुठीत धरलं.

"पुढच्या गाडीनं जा," मी म्हटलं. "मला भूक लागलीय. आणि मला एकटीला जेवायचं नाहीये."

त्यानं गाडीकडे पाहिलं, मग माझ्या मुठीकडे. घंटा वाजायला लागली. मी बाही सोडली नाही. कुसुमोतोबाई मला फाडून खाणार होत्या; खाऊ देत.

दारं मिटली. आम्ही दोघंही फलाटावरच होतो.